पावसाने अडवलेल्यांचा इतिहास

पावसाळ्यातली रोडट्रिप प्लॅनप्रमाणे पार पडत नाही, हे आपल्याला दरवर्षी नव्याने कळतं. आठवडाभर चर्चा होते. शनिवारी पहाटे निघायचं, घाटात वडापाव, दुपारपर्यंत एखादा किल्ला, रात्री घरी. आणि मग खोपोली सोडली की ढग खाली उतरतात. वायपर कितीही जोरात पळवला तरी समोरच्या ट्रकचे लाल दिवे सोडून काही दिसत नाही. गाडीत लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "अरे जाऊ की हळूहळू, थांबलो तर दिवस फुकट जाईल." दुसरा पक्ष कांदाभजीचं नाव काढतो.

मला या 'दिवस फुकट जाईल'ची नेहमी गंमत वाटते. ज्या बोरघाटात हे वाक्य दर शनिवारी कितीतरी गाड्यांतून म्हटलं जातं, त्याच घाटाच्या माथ्यावर, हायवेपासून काही किलोमीटरवर, पावसात थांबता यावं म्हणून कोरलेल्या जागा गेली दोन हजार वर्षं उभ्या आहेत. त्यासाठी माणसांनी डोंगर फोडले, गावं लावून दिली, व्याजाने पैसे गुंतवले. म्हणजे एकेकाळी याच रस्त्यावर पावसात थांबणं हे मुख्य काम होतं.

मी बोलतोय ते कार्ले, भाजे आणि बेडशाच्या लेण्यांबद्दल. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात, म्हणजे डबा कुठे खाल्ला आणि कोणाची चप्पल हरवली तेवढं लक्षात असतं. पुढे परीक्षेत 'टीप लिहा' मध्ये दोन मार्कांना चैत्यगृह येतं, आणि विषय संपतो. पण ही लेणी नेमकी घाटाच्या तोंडाशीच का, आणि घरदार सोडलेल्या भिक्षूंना दगडातल्या खोल्या कशाला हव्या होत्या, हे आपण विचारत नाही. उत्तराचा मोठा भाग एका शब्दात आहे. पाऊस.

बुद्धाचे भिक्षू मुळात फिरस्ते. एका जागी घर करायचं नाही, चालत राहायचं, ही सुरुवातीची रीत. विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग येतो. भिक्षू भर पावसातही हिंडत असत, आणि लोक कुरकुर करायला लागले. हे लोक हिरवं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी बसतात, अहो पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून बसतात, मग यांनाच काय झालंय? तक्रार बुद्धापर्यंत पोचली आणि नियम झाला की पावसाळ्यात तीन महिने एका जागी मुक्काम करायचा. यालाच वर्षावास म्हणतात. तो आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि ज्याला तेव्हा जमलं नाही त्याने महिनाभराने सुरू केला तरी चालतो.

हा नियम आकाशवाणीतून आलेला नाही, पब्लिकच्या तक्रारीवरून झालेला आहे, हे मला फार आवडतं. आणि नियम म्हटला की अपवाद आलेच. (सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. रिक्वायरमेंट एका ओळीची, अपवाद दहा पानांचे.) आईवडील किंवा सोबतचा भिक्षू आजारी असेल तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येतं. मुक्कामाच्या जागी हिंस्र प्राणी, साप, चोर यांचा उपद्रव झाला, आग लागली, पूर आला, तर जागा सोडायला हरकत नाही. मग राहायचं कुठे याचीही यादी आहे. झाडाच्या ढोलीत वर्षावास करायचा नाही, फांदीच्या बेचक्यात नाही, उघड्यावर नाही, मोठ्या रांजणात नाही, आणि छत्रीखाली तर नाहीच. असे नियम उगाच होत नाहीत. कोणीतरी छत्रीखाली तीन महिने काढायचा प्रयत्न करून पाहिला असणार :-)

चालणाऱ्या जागांची यादी मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. गुराख्यांच्या गोठाणात राहिलेलं चालतं, नावेत चालतं, आणि व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर राहिलेलंही चालतं. तांडा हलला तर भिक्षूनेही त्याच्याबरोबर हलायचं. म्हणजे भिक्षू आणि व्यापारी यांची रस्त्यावरची सोबत इतकी जुनी आणि इतकी नेहमीची होती की ती थेट नियमात आली.

आता हा सगळा कायदा झाला गंगेच्या सपाट प्रदेशात. तिथे बांबू, माती आणि गवताची झोपडी पावसाळा काढू शकते. सह्याद्रीचं गणित वेगळं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून जेमतेम पासष्ट किलोमीटरवर असलेल्या पुण्याला साधारण सातशे. घाटमाथ्यावरच्या जुलैत गवताच्या छपराचं काय होतं ते कुठल्याही मावळातल्या शेतकऱ्याला विचारा. पण इथे एक गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे काळा कातळ. बेसॉल्टचे थरच्या थर, उभे कडे. तेव्हा छप्पर बांधण्याऐवजी लोकांनी डोंगर आतून पोखरला. दगडाला गळती लागत नाही असं नाही, पण तो वाऱ्याने उडून जात नाही.

सगळी लेणी फक्त पावसासाठीच कोरली असं मात्र म्हणता येणार नाही. चैत्यगृह हे पूजेचं ठिकाण, आणि पुढे काही ठिकाणी भिक्षूंची वस्ती बारमाही झाली. पण वर्षावास हा या वस्त्यांचा पाया होता. वर्षातून तीन महिने ठरलेली माणसं ठरलेल्या जागी येऊन राहणार, म्हणून खोल्या, पाण्याची टाकी आणि पायवाटा लागल्या.

जागा घाटाच्या तोंडाशी असण्याचं कारण म्हणजे रस्ता. कोकणातली सोपारा, कल्याण ही बंदरं आणि देशावरच्या बाजारपेठा यांना जोडणारी वाट बोरघाटाने वर यायची, तशीच दुसरी नाणेघाटाने जुन्नरकडे जायची. घाट चढून दमलेला तांडा जिथे पहिला मुक्काम करेल, त्याच पट्ट्यात ही लेणी आहेत. भाज्याची लेणी यातली सर्वांत जुनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. भिक्षूंना भिक्षेसाठी वस्ती आणि वाहता रस्ता जवळ हवा होता, आणि व्यापाऱ्यांना पुण्य आणि सोबत. दोघांचं जमलं.

हे नुसतं अनुमान नाही, ते भिंतींवर लिहिलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे छोटे छोटे ब्राह्मी लेख आहेत. धेनुकाकट नावाच्या गावातल्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे अत्तरविक्याने, एक दार दिलं. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव दुसऱ्या दारावर आहे. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या लोकांची, नावं आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजीने हे शैलगृह पूर्ण केलं आणि हे जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असं लिहूनही ठेवलं. (चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे, देशात कोरलेलं सर्वांत मोठं. तेव्हा शेठजींना बढाई माफ.) यात राजा एकही नाही. अत्तरविक्या, सुतार, व्यापारी, परदेशी. रस्त्यावर ये-जा करणारी आपल्यासारखी कामधंद्याची माणसं.

राजघराण्यातला माणूस येतो तो उषवदात. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. काळ इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. कार्ल्याच्या दर्शनी भागावर त्याचा एक लेख आहे. त्यात तो करजिक नावाचं गाव दान देतो. कोणाला, तर वलूरक लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांना (वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचं तेव्हाचं नाव), आणि त्यात पंथाचा किंवा कुठून आला याचा भेद न करता, जे कोणी तिथे वर्षावास करतील त्यांच्या निर्वाहासाठी. एका अख्ख्या गावाचं उत्पन्न पावसात थांबणाऱ्यांच्या जेवणाखाण्यासाठी. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला, सत्ता बदलली, आणि तरीही तिथल्याच दुसऱ्या एका लेखात मामाल इथल्या अमात्याला आज्ञा आहे की हे गाव वलूरकच्या भिक्षूंना द्यावं. मामाल म्हणजे आपलं मावळ. सरकार बदललं तरी स्कीम चालू राहिली, हे आजच्या मानाने विशेषच.

पण मला सर्वांत जास्त आवडतो तो याच उषवदाताचा नाशिकच्या पांडवलेण्यांमधला लेख. विषय तोच, वर्षावास, पण तिथे चक्क हिशोब मांडलाय. बेचाळिसाव्या वर्षी त्याने लेणं दान दिलं आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांचं अक्षय दान ठेवलं. हे पैसे गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यांसाठी. हजाराचं व्याज इतर खर्चाला.

आता गणित करून बघा. २,००० वर दरमहा एक टक्का म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२ म्हणजेही २४०! एक नाणं कमी नाही की जास्त नाही. खर्च आधी ठरवून त्यावरून मुद्दल काढलेलं आहे. आणि हे सगळं नगराच्या सभेत जाहीर करून दफ्तरात रीतसर नोंदवलं असंही लेखात आहे. म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट, त्याची नोंदणी आणि त्याची न पुसली जाणारी पावती. तीसुद्धा दगडात, बॅकअपची चिंता नाही.

इतका खटाटोप कशासाठी? वीस माणसांनी तीन महिने चालू नये म्हणून! 'दिवस फुकट जाईल' म्हणणाऱ्या पक्षाला हे कसं समजवायचं कोण जाणे. पण ते तीन महिने रिकामे नव्हते. जे पाठ केलंय त्याची उजळणी, नव्यांना शिकवणं, आसपासच्या गावकऱ्यांशी बोलणं, ध्यान. आणि शेवटी पवारणा नावाचा विधी. त्यात प्रत्येक भिक्षू इतरांना विनंती करतो की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तशी शंका आली असेल, तर सांगा. तीन महिने एकत्र राहिलेल्या माणसांनी निघण्याआधी एकमेकांशी स्पष्ट बोलून घ्यायचं. (आपल्याकडच्या प्रोजेक्ट रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये एवढा प्रांजळपणा मी अजून पाहिलेला नाही.) त्यानंतर नवी चीवरं, आणि पुन्हा रस्ता.

पावसात थांबायची ही रीत बौद्धांपुरती नव्हती. जैन साधूंचा चातुर्मास आहे, आषाढी एकादशीला सुरू होणारा आपला चातुर्मास आहे. फौजासुद्धा थांबायच्या. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि पावसाच्या तोंडाशी परत यायच्या, किंवा जिथे असतील तिथे छावणी करायच्या. नद्या फुगलेल्या, वाटा चिखलाच्या, तोफा आणि बैल हलवणार कसे?

अर्थात, पावसाचा नियम मोडून जिंकलेलेही आहेत. जुलै १६६० मध्ये, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, शिवाजी महाराज भर पावसात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळ्याहून निघाले आणि दुसऱ्या दिवशी विशाळगडाला पोचले. त्याची किंमत बाजीप्रभू आणि त्यांच्याबरोबरच्या मावळ्यांनी घोडखिंडीत दिली. बेचाळीस वर्षांनी, १७०२ च्या जूनमध्ये, औरंगजेबाने विशाळगड घेतला आणि तो त्याच मुलखातून उलटा पन्हाळ्याकडे निघाला. हत्ती, तोफा, बाजारबुणगे, ओढ्यांना पूर. त्याच्या फौजेला तेवढ्या अंतराला महिन्याहून जास्त वेळ लागला, आणि माणसं-जनावरं मेली ती वेगळीच. एकाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं आणि वाट ओळखणारे पाय होते. दुसऱ्याला पाऊस कळलाच नाही. मला वाटतं, पावसात निघावं की थांबावं हा प्रश्न शौर्याचा नसतोच. निघणं किती गरजेचं आहे आणि वाट किती ओळखीची आहे, एवढाच असतो.

मग आपण थांबायचं कधी सोडलं? बोरघाटापुरतं सांगायचं तर टप्प्याटप्प्याने. १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, त्याआधी माणसं पालखीतून किंवा पायी आणि माल बैलांच्या पाठीवरून. १८५० च्या दशकात रेल्वे खालून खोपोलीपर्यंत आली आणि वर खंडाळा ते पुणे सुरू झाली, पण मधला घाट उतारूंना पालखी, तट्टू नाहीतर गाडीने पार करावा लागे. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि माणूस एकाच डब्यात बसून मुंबईहून पुण्याला पोचायला लागला. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला. आता मधे काही आहे हेच कळू नये अशी सोय झाली. माझी याबद्दल तक्रार नाही, मीही त्याच रस्त्याने जातो. फक्त एवढंच झालं की घाट हा मुक्काम होता, तो आपल्या लेखी अडथळा झाला.

पाऊस मात्र तेवढाच राहिला. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ एक्सप्रेसवेवर दरड कोसळली आणि त्यात माणसं गेली. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला, चार जण गेले. सगळं याच पट्ट्यातलं, बहुतेक आपल्यासारखी सुट्टीला बाहेर पडलेली माणसं. या घटनांची कारणं वेगवेगळी आहेत आणि गेलेल्यांना दोष द्यायचा तर प्रश्नच नाही. पण 'आलोय तर दिवस वसूल करू' ही घाई आपल्या सगळ्यांत असते, आणि घाटातल्या पावसाशी तिचं जमत नाही.

आणखी एक गोष्ट मला नाशिकच्या त्या हिशोबावरून कळली. थांबणं ही फक्त मनाची तयारी नसते, त्याची सोय कोणीतरी करावी लागते. माझ्याकडे लॅपटॉप आहे, रविवार आहे, हॉटेलचे पैसे आहेत. मी थांबू शकतो. मागच्या ट्रकवाल्याला माल वेळेत पोचवायचाय, तो पावसात कुठे आणि कोणाच्या जिवावर थांबणार? दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी याच घाटात लिहून ठेवलं की कुठल्याही पंथाचा असो, कुठूनही आलेला असो, पावसात थांबणाऱ्याचं आम्ही बघू. आज ट्रकवाल्यांसाठी असं वाक्य घाटात कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

असो. तर प्रॅक्टिकल मुद्दा. पुढच्या वेळी घाट चढल्यावर पुढे काही दिसेनासं झालं, तर किल्ल्याचा हट्ट सोडा. कार्ले फाट्याला वळा, किंवा मळवलीहून भाज्याला जा, किंवा कामशेतवरून पवनेच्या रस्त्याने बेडशाला. कार्ल्याला रविवारी एकवीरा आईच्या दर्शनाची गर्दी असते, त्यामुळे शांतता हवी तर भाजे किंवा बेडसे बरं. पायऱ्या निसरड्या असतात, सावकाश चढा. धबधब्याखाली शिरू नका. भाज्याला एखाद्या खोलीत जाऊन तिथल्या दगडी बाकावर बसा. भिक्षू त्याच बाकावर झोपायचे. बाहेर पाण्याचा पडदा, आत गार कातळ, आणि मोबाइलला बहुधा रेंज नाही. कार्ल्याला गेलात तर चैत्याच्या छताकडे बघा, तिथल्या लाकडी कमानी प्राचीन आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीही. (वर्षावास छत्रीखाली करायचा नाही हा नियम बहुधा स्तूपाला लागू नसावा.)

जाताजाता एक. भिक्षूंमध्ये कोण ज्येष्ठ आणि कोण कनिष्ठ हे वयावरून ठरत नाही, किती वर्षावास झाले त्यावरून ठरतं. आपल्याकडेही म्हातारी माणसं 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' असं म्हणतात, उन्हाळे मोजत नाहीत. पाहिलेत म्हणतात हे महत्त्वाचं. ऐंशीच्या स्पीडने वायपरमधून दिसलेला पाऊस त्यात धरायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.